कोंबडी मैदानावर, मालक पुण्यात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडा पानावर इंग्लिश फुटबॉलच्या निकालांची छोटी चौकट येते. तीत ब्लॅकबर्न रोव्हर्स हे नाव दिसलं की माझी नजर अडते. क्लब लँकेशरचा, मालक आपल्या पुण्याचे. नोव्हेंबर २०१० मध्ये कोंबड्यांच्या व्यवसायातल्या वेंकीज समूहाने हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला, तेव्हा मीसुद्धा ऑफिसात कॉलर ताठ करून फिरलो होतो. पुणेकर माणूस इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, प्रीमियर लीगमध्ये म्हणजे काय!

ब्लॅकबर्न म्हणजे तिकडचं इचलकरंजी समजा. मागांचं गाव. गांधीजी १९३१ मध्ये गिरणी कामगारांना भेटायला गेले ते डार्वेन अगदी शेजारी. गिरण्या गेल्या, फुटबॉल तेवढा राहिला. क्लब १८७५ चा. जॅक वॉकर या गावच्याच पोलाद व्यावसायिकाने पदरचा पैसा ओतला आणि १९९५ मध्ये या सव्वा लाखाच्या आसपास वस्तीच्या गावाने मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून प्रीमियर लीग जिंकली. ईवूड पार्क हे त्यांचं मैदान ३१ हजारांचं आहे. म्हणजे गावातला दर चौथा माणूस आत बसू शकतो.

अशा गावाचा क्लब हाती आल्यावर नव्या मालकांनी महिन्याच्या आत अनुभवी प्रशिक्षक सॅम अलरडाइस यांना काढलं आणि ज्यांनी कधी संघ स्वतंत्रपणे सांभाळला नव्हता त्या स्टीव्ह कीन यांना बसवलं. मधल्या काळात खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खातायत अशी जाहिरातही निघाली. ती पाहून लोक हसले, ब्लॅकबर्नचे लोक मात्र नाही हसले. ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनविरुद्ध जिंकणं भाग होतं. सामना चालू असताना कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पावसात ती बिचारी पेनल्टी बॉक्सजवळ इकडून तिकडे फिरत होती. मी ते टीव्हीवर पाहिलं आणि पुणेकर म्हणून मान खाली गेली. शेवटच्या काही मिनिटांत गोल खाल्ला, सामना ०-१ गेला आणि संघ प्रीमियर लीगबाहेर पडला. आजतागायत परतलेला नाही. २०१७ मध्ये तर तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर अशी पाळी पहिल्यांदाच आली होती. वर्षभरात वर आला, एवढंच समाधान.

मालकांनी पैसा घातला नाही असं तिथला कट्टर प्रेक्षकही म्हणत नाही. वर्षानुवर्षं तोटा भरून काढलाय. शेजारच्या बरी गावच्या क्लबचं काय झालं ते पाहा: १८८५ चा क्लब, पण मालकाकडे पैसे असल्याचा पुरावा मिळेना म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. ब्लॅकबर्नच्या लोकांची तक्रार वेगळी आहे. मालक मैदानावर दिसत नाहीत, काय ठरवलं ते सांगत नाहीत, आणि विचारायचं तर कुणाला? अलीकडे तर भारतातून क्लबला पैसे पाठवायलाही दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली. त्याच सुमाराला, २०२४ च्या हिवाळ्यात, गावातच जन्मलेला खेळाडू ॲडम व्हॉर्टन लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबला विकला गेला. आपल्या पोराची किंमत दुसऱ्या देशातल्या फायलीवर ठरते की काय, असं एखाद्याला वाटलं तर त्याला दोष कसा द्यायचा?

आणि आपण पुणेकरांनी तरी त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने पाहायचं? पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एकेक करून सगळे गुंडाळले गेले. मार्च २०१८ मध्ये बालेवाडीत एफसी पुणे सिटीचा बेंगळुरूविरुद्ध इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना मी पुतण्याला घेऊन पाहिला. गोल झाला नाही. धावण्याच्या ट्रॅकमुळे मैदान इतकं लांब की पुतण्या सारखा विचारत होता, "काका, बॉल कुणाकडंय?" पुढच्याच वर्षी मालक अडचणीत आले आणि लीगमधली ती जागा उठून हैदराबादला गेली. हैदराबादने विजेतेपदही मिळवलं. तरी २०२५ मध्ये तोच क्लब तिथूनही उठला आणि दिल्लीला गेला. बदलीच्या नोकरीतला माणूससुद्धा निघताना शेजाऱ्यांना सांगून जातो हो.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. आमच्याकडे पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे संघ तालमींचे आणि मंडळांचे. शाहू स्टेडियमवर हुल्लडबाजी होते, कधी डोकीही फुटतात, ते झाकत नाही. पण पाटाकडील तालीम कुणी विकत घेऊन सोलापूरला नेतो म्हणाला, तर त्याला मिरजकर तिकटीच्या पुढे जाऊ देतील का?

इंग्लंडला हे शहाणपण कायद्यात आणायला २०२५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या कायद्यानुसार फुटबॉलवर स्वतंत्र नियामक आला. मालकाची पारख होणार, नियामकाच्या मंजुरीशिवाय मैदान विकता येणार नाही, रंग नि बोधचिन्ह बदलायचं तर प्रेक्षकांना विचारावं लागणार. कार्डिफच्या निळ्या संघाला मालकाने २०१२ मध्ये लाल कपडे घातले होते, आणि २०१५ पर्यंत लोकांनी भांडून निळा परत मिळवला. विम्बल्डनचा क्लब तर २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी प्रेक्षकांनी स्वतःचा नवा क्लब काढला होता. तो २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाऊ लेन रस्त्यावर, नव्या मैदानात परत आला.

आपल्याला एवढीच विनंती, की उद्या पुण्यात पुन्हा कुणी नवा क्लब घेऊन पत्रकार परिषदेला बसला तर आपल्या वार्ताहराने जर्सीचा रंग आणि सदिच्छादूत कोण, हे विचारण्याआधी करार किती वर्षांचा, शहर सोडायचं झालं तर कुणाची परवानगी लागेल आणि प्रेक्षकांचा माणूस बैठकीत बसणार का, ते विचारावं. उत्तर छापावं, नाही मिळालं तर तेही छापावं. आणि मालक इथलेच आहेत, तेव्हा ब्लॅकबर्नच्या लोकांचे चार प्रश्नही मराठीतून विचारायला हरकत नसावी.

पुतण्या आता इंजिनिअरिंगला आहे. पुणे सिटीच्या त्या जर्सीने तो स्कूटर पुसतो.

आपला,
शिवाजी पेठेतला एक प्रेक्षक
(सध्या मुक्काम कोथरूड, पुणे)