पाणी कोमट ठेव

प्रिय मोनू,

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते मला कळलं नाही. पप्पा म्हणाले, ठेवलाच असेल. जेवलीस का एवढंच विचारायचं होतं, तेच राहिलं.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी फादर येशूसारखे बारा जणांचे पाय धुतात, त्या पायधुणीला बाराही खुर्च्यांवर पुरुषच का, या प्रश्नावरून तू बैठकीतून उठून आलीस. मुद्दा तुझा खरा आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये रोमच्या बालसुधारगृहात 12 जणांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या. 2016 च्या जानेवारीत तर पुरुषच हवेत हा नियमच बदलला. पण तो हुकूम स्त्रियांना बसवायची मुभा देतो, सक्ती करत नाही. तू ‘नियम आहे’ म्हणालीस आणि तिथेच त्यांनी तुला पकडलं. रागाच्या भरात असंच होतं. शांतपणे बोलायला काय जातं गं? एवढ्या मोठ्या शहरात चर्चची माणसंही तोडलीस तर आजारपणात दार कोण वाजवेल?

बरं, रागावू नकोस. पुन्हा बोलायला जाशील तेव्हा शुभवर्तमान हातात घेऊन जा. त्या काळी पाहुणा आला की पायांना पाणी देणं ही घरच्यांची पहिली जबाबदारी असे. उघड्या चपला, धुळीचे रस्ते. जेवायला लोक बैठकीवर आडवे होत, पाय मागच्या बाजूला. म्हणून तर लूकच्या सातव्या अध्यायातली ती बाई येशूच्या मागे, पायांशी उभी राहू शकली. येशू घरच्या यजमानाला, सिमोनला, काय काय मोजून दाखवतो बघ: पायांना पाणी दिलं नाहीस, मुका घेतला नाहीस, डोक्याला तेल लावलं नाहीस. यजमानाच्या तीनही चुका त्या बाईने भरून काढल्या. बेथानीच्या मरियेने 300 दीनारांचं जटामांसीचं तेल येशूच्या पायांवर ओतलं. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा जवळजवळ वर्षाची कमाई झाली! आणि ही गोष्ट योहानाच्या बाराव्या अध्यायात आहे. येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांच्या पायांशी बसतो तो तेराव्यात. आधी तिने केलं, मग त्याने. हे मी कितीदा वाचलं तरी माझे डोळे भरतात.

जुन्या करारातली अबीगईल दाविदाच्या निरोप्यांना म्हणते, धन्याच्या चाकरांचे पाय धुणारी दासी मी होईन. नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या विधवांच्या यादीत नाव घालायच्या अटी आहेत: वय निदान साठ, एकाच नवऱ्याची बायको, पाहुण्यांचा सत्कार केलेली, पवित्र जनांचे पाय धुतलेली. म्हणजे हे काम चाकरांचं आणि बायकांचंही होतं, आणि येशूने ते उचललं. आपल्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी दारात आलेल्याला तांब्याभर पाणी दिल्याशिवाय ती नाव विचारत नसे. तूही लहानपणी तिच्या मागे मागे तांब्या घेऊन, निम्मं पाणी अंगावर सांडत... असो.

फिलिप्पै शहरात लुदिया नावाच्या बाईने प्रेषित पौलाला आग्रह करून घरी नेलं. किंख्रियाची फीबी तिथल्या ख्रिस्ती मंडळीची सेविका होती. इसवी सन 112 च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनीने ख्रिस्ती लोकांच्या चौकशीसाठी ज्या दोन दासींना छळलं, त्यांनाही त्यांचे लोक सेविकाच म्हणत. त्या दोघींची नावंसुद्धा उरली नाहीत. मला त्या एकट्या वाटत राहतात. पण दोघी तरी होत्या. तुझ्या बाजूने त्या बैठकीत कुणी बोललं का?

तयारी तुझ्याकडेच आहे म्हणतेस, ती सोडू नकोस. माणशी अर्धा लिटर पाणी धर. फक्त उजवा पाय. पाय घंगाळावर धरायचा आणि वरून जगने धार सोडायची. पाय पाण्यात बुडवला की सहाव्याला पाचव्याची मळी लागते. प्रवचनाआधी तापवलेलं पाणी शेवटच्या खुर्चीपर्यंत गार होतं, म्हणून निम्मं थर्मासात ठेव. नवे टॉवेल पाणी टिपत नाहीत, दोनदा धुऊन घे. मोजे आधीच काढायला सांग. पाण्यात अत्तर टाकलंस तरी तेल नको, फरशीवर फादर घसरतील. गुडघ्याखाली उशी दे. आणि स्त्रिया बसल्याच, तर पैंजण काढून ठेवायला सांग, टॉवेलचा धागा अडकतो.

न बसवल्या तरी थांब. बाहेर पडून खोलीवर एकटी बसू नकोस, एवढंच माझं मागणं. पुन्हा तेच बोलले का? माफ कर. तू उठून उभी राहिलीस हे पप्पांनी सगळ्या वाडीला सांगितलंय, मला मात्र झोप नाही.

गुरुवारी मिस्सा झाल्यावर कुणाबरोबर जेवणार आहेस, तेवढं कळव.

तुझी,
आई