मुरुमांवरचे मलम दुकानदाराने ठरवू नये

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या वर्षी माझ्या अकरावीतल्या मुलाच्या गालांवर मुरुमे उठू लागली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी 'वयात आलाय, जातील आपोआप' असे म्हणून विषय मिटवला आणि मी नौपाड्यातील एका औषध दुकानात जाऊन 'पिंपल्सवर काहीतरी द्या' एवढे सांगून ट्यूब घेऊन आले. चार दिवसांत लाली उतरली, म्हणून आम्ही सगळे खूश. दोन महिन्यांनी मलम थांबवताच चेहरा लालबुंद होऊन पूर्वीपेक्षा जास्त पुळ्या आल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी खोक्यावरची बारीक अक्षरे वाचून दाखवली, तेव्हा कळले की त्यात बुरशीवरच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड होते. स्टेरॉइड सूज दाबते, त्यामुळे गुण आल्यासारखे वाटते. पण चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते आणि मुरुमे उलट वाढतात.

खरा उपचार यापेक्षा पुष्कळ संथ आहे, आणि हे कोणी आधी सांगत नाही. सौम्य मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि अडापॅलीन ही लावण्याची औषधे प्रथम देतात; अडापॅलीन रात्री, संपूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढेच लावायचे असते. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सोलवटते, आणि नेमके तेव्हाच मुले औषध सोडून देतात, वास्तविक फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. (बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, त्यामुळे आमच्याकडे आता उशांना पांढरेच अभ्रे आहेत.) क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाची जेल नुसती वापरल्यास जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, म्हणून ती बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने देतात. त्यापुढची पायरी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांची असते, आणि त्याही साधारण तीन-चार महिन्यांपुरत्याच.

गाठी येऊन व्रण राहू लागले तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा विचार होतो. औषध गुणकारी आहे, मात्र त्याने गर्भाला गंभीर व्यंग होऊ शकते, म्हणून ते सुरू करण्याआधी एक महिना, ते चालू असताना आणि थांबवल्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. शिवाय यकृत आणि रक्तातील चरबी यांच्या तपासण्या होतात. अशी गोळी मैत्रिणीला डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर आणून घेणाऱ्या मुली माझ्या ओळखीत आहेत, हे लिहिताना मला भीती वाटते.

आता मूळ मुद्दा. चेहऱ्यावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या अनेक स्टेरॉइड मलमांचा समावेश केंद्र सरकारने 2018 साली शेड्यूल एचमध्ये केला, म्हणजेच ती चिठ्ठीविना विकता येत नाहीत. तरीही मला ती ट्यूब मिळाली, आणि दुकानदाराने एकही प्रश्न विचारला नाही. अन्न व औषध प्रशासनाने ठाण्यातील दुकानांत या मलमांची विक्रीनोंद आणि चिठ्ठ्या प्रत्यक्ष पडताळून पाहाव्यात. खासगी तज्ज्ञांचे शुल्क अनेक पालकांना परवडत नाही, म्हणूनच पहिली धाव दुकानाकडे असते. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तो कोणत्या दिवशी व वेळी चालतो, याचा फलक महापालिकेने शाळा-महाविद्यालयांत लावावा, ही विनंती.

– एक पालक, नौपाडा, ठाणे (प.)