कोल्हापूरची सहरी मुंबईच्या घड्याळावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाबान (रमजानच्या आधीचा) महिना लागला की शहरात रमजानची वेळापत्रके वाटली जाऊ लागतात. दुकानदार, मंडळे, निवडणुकीतले इच्छुक, प्रत्येकाचे स्वतःच्या फोटोसह एक कार्ड. फोटो ठळक असतो. आतल्या वेळा कोणत्या गावच्या, हे मात्र बऱ्याच कार्डांवर छापलेलेच नसते. काही कार्डे तर सरळ मुंबईवरून उतरवलेली असतात.

कोल्हापूर मुंबईच्या सुमारे १.४ अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे नुसत्या रेखांशाने साडेपाच मिनिटांचा फरक पडतो. आपण दक्षिणेलाही असल्याने हिवाळ्यात हा फरक सकाळी वाढतो आणि संध्याकाळी कमी होतो. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आपली सहरी (रोजा सुरू होण्यापूर्वीचे पहाटेचे जेवण) मुंबईच्या सहा-सात मिनिटे आधी संपते, इफ्तार तीन-चार मिनिटे आधी होते. २० मार्चच्या सुमारास सहरी साधारण साडेचार आणि इफ्तार साडेपाच मिनिटे आधी. मुंबईच्या वेळेने रोजा सोडला तर फक्त उशीर होतो. मुंबईच्या वेळेपर्यंत सहरी खात बसलो, तर मात्र सुबह सादिक (खरी पहाट) होऊन गेलेली असते आणि त्या रोजाची कजा (नंतर भरून काढायचा रोजा) डोक्यावर येते. मोठा तोटा इथे आहे आणि नेमकी याचीच चर्चा होत नाही. सगळ्यांचे लक्ष संध्याकाळच्या अजानकडे.

‘अजान होईपर्यंत खाता येते’ हा समजही चुकीचा आहे. सहरी संपते ती सुबह सादिकला. फजरची (पहाटेच्या नमाजाची) अजान त्यानंतरची, आणि काही मशिदींत ती मुद्दाम पाच-दहा मिनिटे थांबून देतात. अजान संपेपर्यंत पाण्याचा ग्लास हातात ठेवणाऱ्याचा रोजा गेलेला असतो.

मोबाइलवर विसंबणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. लोकेशन बंद असेल तर अॅप शेवटचे गाव धरून बसते. दुसरी गोष्ट जास्त घातक. सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना पहाट धरायची, याचे पर्याय सेटिंगमध्ये असतात. आपल्याकडे १८ अंश धरतात; अॅप १५ अंशांवर असेल तर सहरीची वेळ तब्बल बारा-तेरा मिनिटे पुढे सरकते. भिंतीवरच्या कॅलेंडरशी इफ्तार ताडून पाहणाऱ्यांनीही तो सूर्यास्त कोणत्या शहराचा आहे ते बारीक अक्षरात वाचावे. बहुधा तो मुंबईचाच निघतो.

जिल्ह्यातही सगळीकडे एक वेळ नाही. गगनबावडा आणि कुरुंदवाड यांत तीन मिनिटांचे अंतर आहे. शहराच्या वेळापत्रकात दोन-तीन मिनिटांची एहतियात (सावधगिरीसाठी राखलेला वेळ) धरलेली असेल, तर तेवढ्यात सगळा जिल्हा भागतो. धरलेली नसेल, तर शिरोळ तालुक्यात सहरी दोन मिनिटे आधी संपवावी आणि गगनबावड्याकडे रोजा दोन मिनिटे थांबून सोडावा. आपण रोज वेळा छापता, तिथे ‘कोल्हापूर शहरासाठी, एहतियात अमुक मिनिटे धरून’ एवढी एक ओळ टाकावी, ही विनंती. एहतियात धरली आहे की नाही हे न कळल्याने घरोघर पुन्हा पाच मिनिटे वजा होतात आणि मशिदीत एक, घरात दुसरे घड्याळ चालते.

आता औषधांविषयी. सध्या रमजान थंडीच्या अखेरीस येत असल्याने रोजा साधारण पावणेतेरा ते सव्वातेरा तासांचा होतो. मधुमेह, रक्तदाब, किडनीचा त्रास असलेल्यांनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जायचे असते. आपल्याकडे जातात रमजानचा चाँद दिसण्याच्या आदल्या दिवशी, किंवा जातच नाहीत आणि सकाळची गोळी सहरीला, रात्रीची इफ्तारला असा हिशेब स्वतःच लावतात. ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी पूर्ण मात्रेत सहरीला घेतली, तर दुपारनंतर साखर घसरते: हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, आणि घरचे म्हणतात रोजा लागला. अशा गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरच बदलून देतील. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, म्हणून मशीन घरात हवे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. आजाऱ्याला दिलेली सवलत कुरआनातलीच आहे (सूरह बकरा, आयत १८४ आणि १८५), ती घेण्यात कमीपणा कसला?

पहिल्या दोन-तीन रोजांत कपाळ ठणकते, ते बहुतेकदा भुकेने नव्हे, चहा तुटल्याने. दिवसाला पाच-सहा कप घेणाऱ्याने पंधरा दिवस आधीपासून दर तीन दिवसांनी एक कप कमी करावा. आधी अकराचा आणि दुपारचा सोडावा. तंबाखूच्या माव्याचेही तेच, फक्त तो नंतर पुन्हा सुरू करायची गरज नाही.

खजुराचा हिशेब सोपा आहे. पाच माणसे, रोज प्रत्येकी तीन, म्हणजे महिन्याला ४५०. मध्यम खजूर आठ-दहा ग्रॅमचा भरतो, तेव्हा साडेतीन ते साडेचार किलो लागतो. लक्ष्मीपुरीत घ्या नाहीतर गल्लीतल्या गाड्यावर, चार-पाच उभे फोडून आत बघा. वरची पांढरी खर साखरेची असू शकते, ती चालते. आंबूस वास किंवा आत काळी भुकटी असेल तर माल परत करा. समोसे आधी करून फ्रीझरमध्ये ठेवणाऱ्यांनी खिमा पूर्ण कोरडा होईपर्यंत परतावा आणि गार करून भरावा. कांदा कच्चा राहिला की पाणी सुटते, पट्टी ओली होते आणि समोसा तेलात फुटतो. तळताना वितळू न देता थेट मध्यम आचेवर सोडावा. सहरीला मात्र कांदा-लसूण चटणी आणि तांबडा रस्सा बाजूला ठेवलेला बरा. तिखट-मिठाने दुपारी घशाला कोरड पडते. भाकरी, दही, अंडे, केळे यांवर दिवस निघतो.

जकात रमजानात देणाऱ्यांनी सोने आताच वजन करून ठेवावे. निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी, आणि अडीच टक्के आजच्या भावाने, खरेदीच्या पावतीवरच्या नव्हे.

गेल्या वर्षीचे कजा रोजे राहिले असतील, विशेषतः घरातल्या बायकांचे, तर ते शाबानात पुरे करण्याचा हाच वेळ आहे. सहा-सात राहिले असतील तर २० शाबानच्या आत सुरुवात करावी आणि शेवटचा रोजा २८ पर्यंत उरकावा. चाँद २९ ला दिसला तर तीसवा दिवस मिळतच नाही.

— एक वाचक, सदर बाजार, कोल्हापूर