क्योतोतली एक दुपार मासेखाऊंना मोकळी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपान सहलीच्या जाहिराती हल्ली नेमाने दिसतात आणि बहुतेकींत 'रोज भारतीय जेवण' हे ठळक अक्षरांत असते. शाकाहारी मंडळींसाठी ती सोय हवीच. जपानी सुपातसुद्धा बहुधा माशाचा अर्क असतो, तेव्हा त्यांनी जपून राहावे हे योग्यच. पण आमच्या गटात मालवण, रत्नागिरी, अलिबागकडची मासे खाणारी माणसे भरपूर होती. त्यांनाही क्योतोमध्ये भरदुपारी पनीर आणि दाल फ्रायपुढे बसवले. मी विचारले तर टूर मॅनेजर म्हणाले, "काकू, इथं सगळं कच्चंच असतं, आपल्या लोकांना चालत नाही." हे पत्र त्या उत्तरासाठी आहे.

आम्ही दोघे त्यांना सांगून बाहेर पडलो आणि गिओन भागातल्या 'इझू' या सुशीच्या दुकानात गेलो. हे दुकान १७८१ सालचे. म्हणजे आपल्याकडे सालबाईचा तह व्हायच्या आदल्या वर्षीचे. आज जगभर सुशी म्हणून जी ओळखली जाते, ती भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेली तोक्योची सुशी त्यानंतर, १८२०च्या दशकाच्या आसपास लोकप्रिय झाली. 'इझू'ची ओळख आहे ती साबा सुगाताझुशी. साबा म्हणजे आपल्या बांगड्याच्याच कुळातला, अंगाने थोराड मासा.

बांगडा किती नाजूक हे मी वेंगुर्ल्याच्या माणसाला सांगायला नको. सकाळी घेतलेला संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला की गेला. साबाही तसाच. आणि क्योतोला समुद्र नाही. साबा यायचा तो वाकासा प्रांतातल्या ओबामा बंदरातून, डोंगर ओलांडून साधारण ७० किलोमीटर. जपानी हिशेबाने अठरा री. ओबामाला मासा चिरून मीठ भरायचे, पाठीवर घेऊन चालायला लागायचे, आणि क्योतोत पोचेपर्यंत मीठ बेताचे मुरलेले असायचे. त्या वाटेला आजही साबा काइदो, म्हणजे साबाचा रस्ता म्हणतात. हा मासा व्हिनेगरमध्ये मुरवून, भातावर दाबून केलेली सुशी क्योतोच्या घराघरांत सणासुदीला व्हायची आणि शेजारीपाजारी वाटली जायची. 'इझू'ने तीच घरची वस्तू नामांकित केली.

आमच्यासमोर ताटली आली तेव्हा मासा दिसतच नव्हता. प्रत्येक तुकड्याभोवती कोंबू या समुद्री शेवाळाची जाड, काळपट हिरवी, चकचकीत पट्टी गुंडाळलेली. वाढणाऱ्या बाईंनी ती सोडवून बाजूला ठेवायची असे हातानेच दाखवले. पट्टी निघाली आणि खाली ती ओळखीची निळसर काळी, नागमोडी रेघांची पाठ! आतले मांस व्हिनेगरने पांढुरके झालेले, मध्यभागी जरा गुलाबी. भात इतका घट्ट बसलेला की काठ्यांनी उचलताना एक शीत सुटले नाही. चव आधी आंबट, मग किंचित गोड, आणि कोंबूचा खारटपणा भातापर्यंत उतरलेला. उग्र वास अजिबात नाही. सोया सॉसची गरजच भासली नाही. पावसाळ्याच्या बेगमीला बांगडे खारवणारी माझी आई त्या ताटलीपाशी दोन मिनिटांत रमली असती, असे मला अगदी मनापासून वाटले.

चुलीवर शिजवलेला नसला, तरी मीठ आणि व्हिनेगर यांत मुरवून खाण्याजोगा केलेला हा मासा आहे. त्यामागे समुद्रापासून लांब राहणाऱ्या लोकांची शेकडो वर्षांची समज आहे. कोकणातल्या माणसाला ती कळायला वेळ लागत नाही. 'सगळं कच्चं' एवढ्या दोन शब्दांत हे उडवून लावले की प्रवासी बिचारे खरेच मानतात, आणि लाखो रुपये खर्चून गेलेली माणसे ठाण्यात मिळते तेच जेवून परत येतात. मला याचे फार वाईट वाटते. क्योतोची देवळे बघायची आणि त्या गावाचा सणाचा घास मात्र टाळायचा, हे कसले प्रवास करणे?

सहल कंपन्यांनी 'भारतीय जेवण' बंद करावे असे माझे म्हणणे नाही. क्योतोतली एक दुपार मासे खाणाऱ्यांना मोकळी द्यावी आणि अशा जुन्या दुकानांची नावे कार्यक्रमपत्रिकेत छापावीत, एवढेच. ही ताटली स्वस्त नाही, तेव्हा तिचे पैसे ज्याने त्याने द्यावेत. तेवढाही वेळ नसेल, तर ही सुशी बांधून मिळते. तिला फ्रिज लागत नाही, उलट गारठ्याने भात कडक होतो. त्याच दिवशी ओसाकाला जाताना गाडीत सहज खाता येईल.

आपली,
मूळची वेंगुर्ल्याची एक वाचक, ठाणे