तात्या, पाना माझ्या हातात दिलात त्याबद्दल

ओतूर, ता. जुन्नर

ती. तात्यांस,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानायला गेलो तर 'चहा घे आणि कामाला लाग' म्हणून तुम्ही वाटेला लावलंत. म्हणून आता चारचौघांत लिहितोय.

गाडीचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. आमची पिकअप टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला जाते, आणि भाव बरा दिसला की माळशेज उतरून वाशीला. गेल्या हंगामात तिचं मागचं अंग नाचायला लागलं. चाक खड्ड्यातून निघालं तरी हौदा हलतच राहायचा. घाटाच्या वळणावर भरलेली गाडी शेपूट टाकायची. वाशीला पोचेपर्यंत २० किलोच्या क्रेटमध्ये वरची फळं टणक आणि तळाला रस्सा. आडत्याने भाव पाडला तर त्याला कोणत्या तोंडाने बोलणार? एका गॅरेजवाल्याने सांगितलं, मागे एक पाटा, म्हणजे स्प्रिंगची लोखंडी पट्टी, वाढवा. वाढवला. भरलेली गाडी जरा उंच दिसायला लागली, रिकामी आदळायला लागली, आणि नाचायची ती नाचतच राहिली.

तुम्ही ओट्यावरून उतरलात, हौद्याच्या कोपऱ्यावर अंगाचा भार टाकून दाबलंत आणि हात सोडलात. गाडी वर, खाली, पुन्हा वर. 'एकदा वर येऊन गप बसायला पाहिजे ही,' म्हणालात. मग जे बोललात ते मी आता भेटेल त्या ड्रायव्हरला ऐकवतो: 'बसते ती पाट्याने, झुलते ती शॉकअपने.' ओझं पाटे उचलतात. दबलेला पाटा उसळी मारतो, ती जिरवायचं काम शॉकअपचं, म्हणजे चाकाजवळच्या तेल भरलेल्या नळकांड्याचं. आत दट्ट्या, दट्ट्याला बारीक वाटा, त्यातून तेल रेटलं जातं आणि उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभं आयुष्य गेलेला माणूस हे इतक्या सोप्या भाषेत सांगतो, आणि आमच्याकडचे निम्मे पिकअपवाले अजून पाट्यावर पाटा चढवतात.

तुमची दुसरी खूणही सांगून टाकतो. घाटातून गाडी आली की सायलेन्सरपासून हात सांभाळून दोन्ही शॉकअप चाचपायचे. काम करणारा कोमट लागतो, मेलेला गार. आमचा उजवा कोमट होता. डावा गार, आणि सीलपासून खाली तेल ओघळून त्यावर धुळीचा काळा थर बसलेला. मी म्हटलं, मग डावाच बदलू. 'जोडीनेच बदलायचे,' तुम्ही म्हणालात, 'नाहीतर एक बाजू धरेल, दुसरी सोडेल, आणि घाटात तुला कळेल.' खर्च दुप्पट झाला, पण पटलं.

आदल्या रात्री तारेच्या ब्रशने नट घासून डिझेल मारून ठेवायला लावलंत. सकाळी सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड. मी जॅक काढला तर तो परत ठेवायला लावलात. पिकअपखाली माणूस मावतो, आणि मागे पाटे असल्याने शॉकअप सोडला तरी गाडी जागची हलत नाही, मग उगाच उचलायची कशाला? त्याहून मोठं कारण बुशचं, म्हणजे शॉकअपच्या टोकाच्या भोकात बसवलेल्या रबरी नळीचं. गाडी उचलून नट आवळला तर बुशचं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर, भार अंगावर, तेव्हाच शेवटचा आवळा. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

डाव्याचा खालचा नट मात्र हलेना. आमचा चुलतभाऊ गॅस-कटर आणायला निघालाच होता. तुमचा आवाज कधी नव्हे तो चढला: 'आत तेल कोंडलेलं आहे, जाळ लावायचा नाही!' पुन्हा डिझेल, हातोडीचे हलके ठोके, रिंग पान्याला हातभर पाईप, आणि पाना माझ्या हातात. तुमचे हात शिवशिवत होते, दिसत होतं मला. तरी तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. नट कर्रकन फिरला तेव्हा तोंडावर गंज पडला आणि मी गाडीखाली पडल्या पडल्या हसत होतो. जुना शॉकअप हातात आला. दांडा एका बोटाने आत गेला, आणि तिथेच पडून राहिला.

नवा मी थेट लावायला निघालो तर तुम्ही अडवलंत. दुकानात आडवे पडून पडून आत हवा भलत्या जागी गेलेली असते म्हणालात. उभा धरून, दांडा वर ठेवून, खेचायचा आणि दाबायचा. आधी मध्येच पोकळ लागत होतं. मग हळूहळू दोन्हीकडे सारखा अडायला लागला, इतका की दाबताना दंड भरून आले. तेव्हा कुठे 'आता लाव' निघालं तुमच्या तोंडून. जुन्याचे धड वायसर पुसून डबीत टाकायला सांगितलंत. एसटीची सवय!

त्यानंतर माळशेज उतरलो. दरडीच्या धास्तीने डोंगराकडे बघायची सवय आहे, ती राहणारच. आरशात हौदा बघायची मात्र सुटली. गाडी खड्ड्यात गेली की एकदा वर येते आणि बसते. तळाचा क्रेट उघडला तर फळं कोरडी. टायर अजून घुमतात, कारण त्यांची झीज आधीच ठिकठिकाणी झालेली आहे, आणि ती शॉकअपने भरून येत नाही हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत. वाढवलेला पाटा काढून टाकला. त्या गॅरेजवाल्याला काही बोललो नाही.

पैसे घेतले नाहीत तुम्ही. आईने क्रेट पाठवला तर चार टोमॅटो ठेवून बाकीचे परत. हे बरोबर नाही तात्या, आईने अजून मनात ठेवलंय.

पुढच्या शॉकअपची जोडी आणून ठेवली आहे. पुढची मांडणी वेगळी, तिथे जॅक-स्टँडशिवाय हात घालायचा नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. तेव्हा गुडघा बरा वाटला की निरोप द्या. खाली मीच झोपतो. तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा आणि शिव्या द्या.

आपला,
पिकअपवाला