स्टोकच्या ताई, सहावा कप पोचला!

ताई, नमस्कार. नाव कुठे लिहू नकोस असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतं ताई. पण आभार चारचौघांतच मानणार, त्याला नाही म्हणायचं नाही.

तर आईच्या टी सेटमधल्या फुटलेल्या कपाच्या जागी तुम्ही इंग्लंडमधल्या स्टोकहून पाठवलेला कप पोचला. तुमचा भाऊ सांगलीहून एसटीने आला, अख्खा प्रवास पिशवी मांडीवर, आणि स्वारगेटला माझ्या हातात देताना म्हणाला, घ्या, आता माझी सुटका. घरी येऊन उघडलं तर एका लोकरीच्या मोज्यात कप आणि दुसऱ्यात बशी. मोजे धुऊन ठेवलेत, ते पण परत करायचेत.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. आईच्या लग्नात, १९६८ साली, बोटीवर असलेल्या मामाने इंग्लंडहून हा टी सेट आणलेला. २१ नग, म्हणजे ६ कप, ६ बश्या, ६ छोट्या प्लेटा, केकची एक मोठी प्लेट, दुधाचं भांडं आणि साखरेचं. किटली नाही. ती या २१ मध्ये धरतच नाहीत हे ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं, नाहीतर इतकी वर्षं आम्ही सगळे मामाने वाटेत किटली फोडली असंच धरून चाललो होतो आणि बिचारा मामा काही न बोलता ऐकून घ्यायचा.

आईचा या सेटवर जीव का, तर त्यावरची फुलं. लांबून बघितलं तर साधा गुलाबी-निळ्या फुलांचा गुच्छ, पण कप डोळ्याजवळ नेला की दिसतं की पाकळ्या ब्रशने काढलेल्या नाहीतच, बारीक बारीक टाके आहेत, अगदी दुसुतीवर भरतकाम करतो तसे, आणि कडेला वळणावर टाका पायरी-पायरीने खाली उतरतो तो पण तसाच. आई शाळेत असल्यापासून दुसुतीवर भरत आलीय, त्यामुळे तिला ते आपल्याच हातचं वाटतं. धुवायचा पण तिनेच. आणि गेल्या दिवाळीत मी शहाणपणा करून फोन खांद्याला लावून धुवायला घेतला आणि एक कप गेला. आई ओरडली नाही. ते जास्त लागलं.

मग मी कपाच्या बुडाचा फोटो टाकून विचारलं की असा कोणाकडे मिळेल का, आणि ओळख ना पाळख, चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्टोक-ऑन-ट्रेंटहून ताईंचा मेसेज, हा रॉयल अल्बर्ट कंपनीचा, डिझाईनचं नाव पेटी पॉईंट, आमच्या इथेच लाँगटनला बनायचा. आई म्हणाली, पेटी? बाजाची? नाही हो, शब्द फ्रेंच आहे, अगदी बारीक टाक्याच्या भरतकामाला म्हणतात.

ताई, तुम्ही म्हणालात की स्टोकची माणसं हॉटेलात गेली तरी आधी बशी उलटी करून खालचा शिक्का बघतात, तेव्हापासून मला पण ती खोड लागलीय. आणि तुम्ही तिथल्या जुन्या भांडी-कारखान्याच्या ग्लॅडस्टन म्युझियममधून ते बाटलीच्या आकाराच्या भट्ट्यांचे फोटो पाठवलेत, एका फोटोत माणूस केवढासा दिसतोय भट्टीपुढे! कोळशाच्या धुराने तिथे म्हणे दुपारी पण अंधारून यायचं, मग धुरावर बंधनं घालणाऱ्या १९५६ च्या कायद्यानंतर त्या भट्ट्या मागे पडत गेल्या. एक गोष्ट मात्र आईला आवडली नाही. टाके हाताने काढलेले नसून छापील कागदावरून कपावर उतरवायचे आणि मग भाजायचे, हे ऐकून ती म्हणाली, म्हणजे ठसाच की. मग तो कागद कपावर सुरकुती न पडता बसवायला बायका असायच्या आणि त्यात केवढं कसब लागायचं हे तुम्ही समजावलंत तेव्हा जरा शांत झाली.

तुम्ही पहिला पाठवलेला फोटो बघून मी तर लगेच हो म्हणाले होते. तुम्हीच म्हणालात थांब, टेपने माप घे. घेतलं, तर तो निघाला कॉफीचा कप, लहान. डिझाईन तेच, पण आपल्या बशीत हरवला असता. दुसरं कोणी असतं तर दिला असता पाठवून, मला कळलं पण नसतं. तुम्ही मात्र पुढचे तीन शनिवार नर्सिंगच्या ड्युट्या सांभाळून जुन्या वस्तू विकणारी चॅरिटीची दुकानं पालथी घातलीत आणि पैसे विचारले तर विषय बदलला. तो विषय अजून मिटलेला नाही, लक्षात असू द्या.

आता ते हाडांचं. तुम्ही फोनवर आवाज खाली आणून विचारलंत ना, "तुमच्याकडे चालतं ना?" हा सेट बोन चायनाचा, आणि बोन चायना म्हणजे खरंच गुराढोरांची हाडं जाळून केलेली राख, निम्मा माल तोच, बाकी पांढरी माती आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा दगड, म्हणून तर कप उजेडाला धरला की पलीकडची बोटं दिसतात. आईने पन्नासच्या वर वर्षं बोन हे कंपनीचं नाव समजून काढली होती. त्यात पंचाईत अशी की फुटक्या कपाची उरलेली बशी तिने देवघरात ठेवली होती, रोज प्राजक्ताची फुलं त्यात. फोन झाल्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं स्टीलच्या वाटीत. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाली, "चहाला चालेल."

आता नव्या कपाबरोबर त्याची बशी आली, म्हणजे बश्या सात. नवा कप कुठला ते फक्त कडेच्या सोन्यावरून कळतं, आमच्या पाचांचं धुऊन धुऊन गेलंय, त्याचं अजून चमकतंय. आईने तरी भिंग घेऊन एका पाकळीचे टाके मोजले, जुन्या कपावर आणि नव्यावर, आणि सारखे भरल्यावरच कपाटात लावला.

सातवी बशी तुमची. मे महिन्यात सांगलीला याल तेव्हा आधी पुण्यात उतरा. चिवडा तिच्यातच देणार आहोत, उलटी करून शिक्का बघायच्या आधी तेवढा संपवा.

तुमची,
कप फोडणारी