विषय : ‘९३ ऑक्टेन’ म्हणून विकलेला टर्बो मॅप नागपूरच्या ९५ च्या पेट्रोलवर चालत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझ्या २०१७ च्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससाठी मी आपल्याकडून मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग) आणि त्यासोबतचा मॅप (इंजिनाच्या संगणकातली ट्यूनिंगची फाइल) घेतला. बसवण्याचे काम कामठी रोडवरच्या आपल्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये झाले. तेव्हापासून भरल्या बूस्टवर, म्हणजे टर्बो पूर्ण जोराने हवा दाबत असताना, गाडी नॉक करते, म्हणजे इंजिन आतून खडखडते. तक्रार केली तर आपल्या विभागाकडून एकच उत्तर येते : पेट्रोल भेसळीचे आहे, ऑक्टेन बूस्टर टाका, वॉरंटीत हे बसत नाही. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहितो आहे. हे पत्र मॅप लिहिणाऱ्या तांत्रिक विभागापर्यंत पोचवावे, ही विनंती.

किट घेण्याआधी मी आपल्या प्रतिनिधीला इंधनाबद्दल स्पष्ट विचारले होते. आपल्या माहितीपत्रकात या मॅपसमोर ‘किमान ९३ ऑक्टेन’ एवढेच छापलेले आहे. मी विचारले, नागपुरात मी नेहमी ९५ चे प्रीमियम पेट्रोल भरतो, ते पुरेल का? उत्तर आले, “९३ हवे आहे, तुमच्याकडे ९५ आहे, म्हणजे तुम्ही वरच आहात.” हा व्हॉट्सॲप संदेश माझ्याकडे आहे आणि त्याची प्रत सोबत जोडली आहे. या एका वाक्यावर विसंबून मी पैसे भरले.

ते ९३ अमेरिकेतले आहे. तिथल्या पंपावर लिहिलेला आकडा म्हणजे रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजण्याच्या दोन चाचण्यांची सरासरी. भारतात पंपावर लिहिला जातो तो फक्त रॉन. दोन्ही चाचण्या एकाच प्रकारच्या एक-सिलिंडर इंजिनावर होतात, पण मॉनच्या चाचणीत इंजिन जास्त वेगाने फिरते आणि आत जाणारे मिश्रण बरेच तापवलेले असते, म्हणून तो आकडा खाली येतो. भारतातल्या बीएस-६ या प्रदूषण व इंधनाच्या मानकात प्रीमियम पेट्रोलला किमान रॉन ९५ आणि किमान मॉन ८५ लागतो. त्यांची सरासरी ९०. म्हणजे अमेरिकी मोजणीने माझ्या टाकीत ९० च्या आसपासचे पेट्रोल आहे, आणि आपला मॅप ९३ मागतो. उलट बाजूने पाहिले तर अमेरिकेतले ९३ म्हणजे भारतातल्या मोजणीने साधारण ९८ रॉन. आपल्या प्रतिनिधीने मला दोन अंक वर बसवले, प्रत्यक्षात मी तीन अंक खाली होतो. गाडी बनवणाऱ्या कंपनीने इंधनाच्या झाकणामागच्या स्टिकरवर आकड्याशेजारी रॉन असे छापून ठेवले आहे. तेवढी काळजी हजारो रुपयांचा मॅप विकणाऱ्याने का घेऊ नये?

ग्राहक विभागात जे हे पत्र पहिल्यांदा वाचतील त्यांच्यासाठी सांगतो की हा तीन अंकांचा फरक किरकोळ नाही. प्लगने ठिणगी टाकली की ज्योत पसरत जाते. पण ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले दाबलेले, तापलेले मिश्रण आपोआप पेटले तर सिलिंडरमध्ये दाबाचा तडाखा बसतो. हेच नॉकिंग. पेट्रोल त्याला किती वेळ दाद देत नाही, ते ऑक्टेन सांगतो. टर्बो मोठा केला, बूस्ट वाढवला की दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात, म्हणून ऑक्टेनही वाढवावे लागते. मूळ गाडी २३० पीएसची आहे आणि ९.६ च्या कॉम्प्रेशनवर (सिलिंडरमध्ये मिश्रण जितके पट दाबले जाते तो आकडा) ती ९५ रॉनने आरामात चालते. आपण त्यावर ९८ चा मॅप चढवला आणि पेट्रोल ९५ चेच राहू दिले.

परिणाम लॉगमध्ये, म्हणजे गाडी चालताना इंजिनाच्या संगणकातून घेतलेल्या नोंदीत, स्वच्छ दिसतो. दुपारी तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की चारही सिलिंडरवर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, सहा-सात अंश मागे खेचले जाते. नॉक ओळखणारा सेन्सर इंजिन वाचवतो आहे म्हणून अजून पिस्टन फुटलेला नाही, एवढेच. पण टायमिंग मागे गेले की ताकद जाते आणि एक्झॉस्ट तापतो, आणि तो ताप टर्बो आणि कॅटलिटिक कन्व्हर्टर सोसतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढताना, कमी आरपीएमवर जोर द्यावा लागतो तिथे, नॉकचा आवाज काच बंद असतानाही ऐकू आला. मागे आई-वडील बसले होते. मी बाजूला गाडी थांबवली आणि पुढचा घाट अगदी हलक्या पायाने चढलो. मूळ टर्बोवर याच घाटात ही गाडी कधी कुरकुरली नव्हती.

आता नागपूरच्या उन्हाबद्दल. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जाणे नवीन नाही. सिग्नलला उभे राहिले की इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) तापून बसतो, आणि मग इंजिनात जाणारी हवा माझ्या लॉगमध्ये ७० अंशांपर्यंत दिसते. हवा तापली की नॉकिंग लवकर येते, म्हणून चांगला ट्यूनर हवेच्या तापमानानुसार टायमिंग आणि बूस्ट आपोआप कमी होईल अशी सोय मॅपमध्ये ठेवतो. आपल्या मॅपमध्ये ती कपात फारच उशिरा सुरू होते असे माझ्या लॉगवरून दिसते. हा मॅप कोणत्या हवामानात तपासला, असे मी ईमेलने विचारले होते. त्याचे उत्तर आजपर्यंत आलेले नाही.

पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, हा मुद्दा आपण स्वतः काढलात, म्हणून त्यावरही लिहितो. ते खरे आहे. इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०८ च्या आसपास असतो, आणि ई२० मुळे (पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल) साधे पेट्रोलही ९५ पर्यंत जाते असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. अमेरिकेतल्या १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर बेतलेल्या मॅपला भारतातल्या ई२० वर सुमारे ४ टक्के जास्त इंधन पुरवावे लागेल. मोठ्या टर्बोमुळे हाय-प्रेशर पंप (इंजिनाला दाबाने पेट्रोल पुरवणारा) आधीच टोकाला गेलेला असताना ते कुठून येणार? ५५०० आरपीएमच्या पुढे रेल प्रेशर, म्हणजे पुरवठ्याच्या नळीतला पेट्रोलचा दाब, मागितल्यापेक्षा खाली पडते, हेही सोबतच्या लॉगमध्ये आहे. भरल्या बूस्टवर मिश्रण पातळ होणे हा नॉकिंगपेक्षाही मोठा धोका आहे. किटमध्ये पंप समाविष्ट नव्हता आणि तो लागेल असे मला कोणी सांगितले नाही.

भेसळीच्या आरोपाला उत्तर देणे सोपे आहे. काम सुरू करण्याआधी आपल्याच मेकॅनिकने मूळ टर्बोवर एक लॉग घेतला होता, त्याच पंपाच्या, त्याच ९५ च्या पेट्रोलवर. त्यात टायमिंगची कपात जवळजवळ शून्य आहे. नंतर मी वेगवेगळ्या तेल कंपन्यांच्या पंपांवर पेट्रोल भरून पाहिले, पंपावर घनता तपासून घेतली, फिल्टर पेपरची चाचणी करून घेतली. घनतेवरून ऑक्टेन कळत नाही याची मला कल्पना आहे, त्यामुळे केवळ त्यावर मी भर देत नाही. पण पेट्रोल बदलले तरी लॉग बदलत नाही आणि मॅप बदलला की लॉग बदलतो, यातून दोष कुठे आहे ते उघड होते.

ऑक्टेन बूस्टर हा उपाय मी स्वीकारणार नाही. अशा बाटल्यांवर लिहिलेला ‘पॉइंट’ पुष्कळदा ऑक्टेनचा दहावा भाग असतो, म्हणजे ‘३० पॉइंट’ म्हणजे तीन अंक, आणि तेही बाटलीने सांगितलेल्या प्रमाणातच. मँगनीजवाले बूस्टर प्लगवर तांबूस थर धरतात. रोज वापरायच्या गाडीत, प्रत्येक टाकीला, आयुष्यभर बाटली ओतत राहा, हा सल्ला किट विकताना दिला असता तर मी ते घेतले नसते. १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरा असेही आपण सुचवले. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये ते पहिल्यांदा ज्या दहा शहरांत आणले त्यांत मुंबई-पुणे होते, नागपूर नव्हते. आणि मुळात मी काय भरतो हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

माझी मागणी अशी आहे. ९५ रॉन आणि ई२० धरून, उन्हाळ्यातल्या तापमानाला झेपेल असा मॅप आपण स्वखर्चाने लिहून द्यावा, माझ्यासमोर दुपारच्या वेळी लॉग घेऊन तो तपासावा, आणि त्यासाठी पंप बदलावा लागत असेल तर तोही द्यावा. ताकद कमी मिळाली तरी चालेल, इंजिन सुरक्षित हवे. सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून पिस्टनची तपासणी करावी आणि अहवाल लेखी द्यावा. हे जमत नसेल तर किट, मॅप आणि मजुरीची पूर्ण रक्कम परत करून मूळ टर्बो बसवून द्यावा. माहितीपत्रकात ऑक्टेनच्या आकड्यासोबत तो कोणत्या मोजणीचा आहे हेही छापावे. हा मॅप घेतलेले इथले आणखी ग्राहक असतील आणि त्यांच्यापैकी प्रत्येकजण लॉग काढून पाहत नसेल.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे हा उत्पादकाच्या दायित्वाचा आधार आहे, आणि कलम ३४ मुळे मी राहतो तिथल्या, म्हणजे नागपूरच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करता येते. उत्तर आले नाही तर मी तसे करीन. तोपर्यंत मी गाडी बूस्टवर चालवणार नाही, आणि याची नोंद आपणही घ्यावी.

सोबत : बिलाची प्रत, व्हॉट्सॲप संदेश, माहितीपत्रकाचे पान, बसवण्याआधीचे व नंतरचे लॉग.

आपला ग्राहक,
(स्वाक्षरी)
नंदनवन, नागपूर